ऐतिहासिक कादंबरीत शस्त्रे खरी हवीत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ऐतिहासिक कादंबऱ्यांची परीक्षणे नेमाने प्रसिद्ध होतात आणि मी ती आवर्जून वाचतो. शिवकालावर किंवा पेशवाईवर बेतलेल्या जवळजवळ प्रत्येक कादंबरीच्या परीक्षणात युद्धवर्णनांनी अंगावर काटा आला, अशा अर्थाचे एक तरी वाक्य असते. तिथी चुकली, नाते चुकले, एखाद्या सरदाराचे आडनाव चुकले, तर परीक्षणकर्ते त्याची दखल घेतात आणि पुढे वाचकांची पत्रेही येतात. परंतु ज्या युद्धवर्णनाची एवढी वाखाणणी होते, त्यातील माणसाच्या हाती त्या काळी ते शस्त्र होते का, असले तर ते तसे चालवता येत होते का, आणि अंगावर जे चढवले आहे ते घेऊन तो कडा चढू शकला असता का, हे प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. जुन्या शस्त्रांची मोजमापे घेऊन त्यांच्या नोंदी करणे हे माझे काम असल्यामुळे ही उणीव मला सतत खुपते, म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र.

कादंबरीतील शस्त्रे ही शोभेची बाब आहे, असे धरून चालण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. लढणाऱ्याच्या हातात काय होते, त्याची लांबी आणि वजन किती होते, ते एकदा चालवल्यावर पुन्हा चालवायला किती वेळ लागत होता, यावरच त्याने कोणती जागा निवडली, कोणती वेळ साधली आणि कोणता धोका पत्करला हे ठरत होते. शस्त्र चुकीचे लिहिले की हे सगळे निर्णय निरर्थक होतात आणि ज्या माणसाचा पराक्रम सांगायला लेखक बसला आहे त्याची बुद्धीच कथेतून नाहीशी होते.

सर्वांच्या परिचयाचा प्रसंग घेऊ. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या भेटीचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये पुऱ्या केलेल्या आपल्या बखरीत केले आहे. बखर प्रसंगानंतर जवळजवळ चार दशकांनी लिहिलेली असल्यामुळे तिच्यातील प्रत्येक शब्द प्रमाण मानावा असे मी म्हणणार नाही. परंतु शस्त्रे ज्याच्या रोजच्या पाहण्यातली होती अशा माणसाची ती लेखणी आहे. सभासद सांगतो की राजांनी अंगात जरीची कुडती घातली होती आणि हातांत बिचवा म्हणजे लहान वाकडी कट्यार व वाघनख चढवले होते. खानाने राजांची मान कवटाळून काखेत धरली, जमदाडीचे म्यान टाकले आणि ती राजांच्या कुशीत चालवली. ती कुडतीवर ‘खरखरली’ आणि अंगास लागली नाही. मग राजांनी डाव्या हाताचे वाघनख खानाच्या पोटात चालवले, पाठोपाठ उजव्या हाताच्या बिचव्याचा वार केला आणि मान हिसडून सोडवून घेतली. खानाने अंगात नुसता झगाच घातला होता, हेही सभासद विसरत नाही.

या चार-पाच वाक्यांत किती गोष्टी आहेत ते पाहावे. नुसते कापड खरखरत नाही, लोखंड खरखरते. म्हणजे कुडतीच्या आत किंवा खाली कड्यांचे चिलखत होते, हे सभासदाने एका क्रियापदात सांगितले. जमदाड हे कट्यारीच्या जातीचे, भोसकण्याचे शस्त्र. तिचे टोक जाड आणि मजबूत असते, आणि पुरेसा हात मागे घेऊन सरळ मारली तर ती चिलखताच्या कड्या फोडू शकते. पण एका हाताने समोरच्याची मान काखेत दाबून धरलेली असताना दुसरा हात पुरता मागे घेता येत नाही. पाते तिरके पडते आणि कड्यांवरून घसरते. उलट बाजूने, वाघनख हे मुठीत लपणारे आणि फाडणारे शस्त्र आहे. अंगात चिलखत असलेल्या माणसावर त्याचा फारसा उपयोग झाला नसता. नुसता झगा घातलेल्या माणसावर झाला. एकाने चिलखत घातले, दुसऱ्याने घातले नाही, आणि दोघे मिठीच्या अंतरावर होते, या तीन गोष्टींनी निकाल ठरवला. आता हाच प्रसंग आजच्या कादंबऱ्यांत आणि मालिकांत कसा येतो ते आठवावे. तेथे दोन पावले मागे सरून भवानी तलवार उपसली जाते, तलवारीला तलवार भिडते, ठिणग्या उडतात आणि मग बराच वेळ संवाद चालतो. भेटीला येताना कोणते शस्त्र लपवता येईल आणि मिठीत कोणते चालवता येईल हा राजांनी आधी केलेला विचार, जो या प्रसंगाचा गाभा आहे, तोच त्यातून गळतो.

तलवारीविषयीच्या चुका सर्वाधिक आढळतात, कारण तलवार सर्वाधिक लिहिली जाते. म्यानातून तलवार खणखणत बाहेर येते, हे वाक्य मी कितीदा वाचले असेल त्याची गणती नाही. आपल्याकडची म्याने लाकडी पट्ट्यांची, वरून चामडे किंवा मखमल चढवलेली असत; धातू असे तो फार तर तोंडाशी आणि टोकाशी. अशा म्यानातून पाते निघताना घासल्याचा बारीक आवाज येतो, खणखणाट होत नाही. दुसरी चूक वजनाची. अमुक वीराची तलवार वीस किलोची, तमुकाची चाळीस किलोची, असे बेधडक लिहिले जाते आणि वाचक ते अभिमानाने पुढे सांगतात. जुन्या लढाऊ तलवारी तोलून पाहिल्या तर त्या साधारण एक किलोच्या आगेमागे भरतात. दिवसभर घोड्यावर राहून शेकडो वेळा हात फिरवायचा असेल तर याहून फार जड पाते कोणी बाळगणार नाही. तलवार हलकी होती असे म्हटल्याने तिच्या धन्याचा पराक्रम उणावतो, ही समजूत मला कधीच पटलेली नाही. एक किलोचे पाते मनगटाच्या एका वळणात दिशा बदलू शकते, आणि हे वळण अंगी भिनायला वर्षानुवर्षांची मेहनत लागते. वर्णन करायचे तर त्या मेहनतीचे करावे.

तलवारींचे प्रकार तर कादंबरीत जवळजवळ दिसतच नाहीत. मराठ्यांच्या हातातील पाती एकसारखी नव्हती. बाकदार तलवार होती, लांब धोप होती, आणि फिरंग होती. फिरंगीचे पाते युरोपातून समुद्रमार्गे आपल्या बंदरांत येई. जर्मनीतील सोलिंगेनची धावत्या लांडग्याची खूण किंवा आंद्रेया फेरारा हे इटालियन कारागिराचे नाव असलेली पाती आजही आपल्या संग्रहांत आहेत. आणि ही नावे एवढी चालत की त्यांच्या नकला करून विकल्या जात. त्या लांब, सरळ पात्याला आपल्या कारागिरांनी आपली मूठ बसवली. हाताला आवरण देणारी परज रुंद केली आणि मोगऱ्यावर म्हणजे मुठीच्या शेवटच्या टोकावर पुढे आलेला दांडा ठेवला, म्हणजे गरज पडेल तेव्हा दुसऱ्या हातानेही जोर लावता यावा. कोकणच्या बंदरात उतरलेले पाते, घाटावरच्या कारागिराने बसवलेली मूठ आणि ती पेलणारा मावळी हात, असा हा सगळा प्रवास एका शस्त्रात आहे. चांगल्या कादंबरीकाराने यावर एक प्रकरण लिहावे, इतकी ही सामग्री समृद्ध आहे. त्याऐवजी सगळ्यांच्या कमरेला एकाच साच्याची बाकदार तलवार लटकते.

पट्ट्याचे तसेच. दांडपट्टा हे मराठी वाचकाच्या मनाच्या फार जवळचे शस्त्र आहे आणि म्हणूनच त्याचे वर्णन सर्वांत बेफिकीरपणे केले जाते. पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी नळीत जातो आणि आतल्या आडव्या दांडीवर मूठ आवळली जाते. हात बहुधा पट्टीने बांधलेला असतो. त्यामुळे मनगट जखडते. तलवारीसारखा मनगटाचा झटका पट्ट्यात देताच येत नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, सबंध शरीर फिरते, आणि लवचिक दुधारी पाते भोवती वर्तुळ काढते. चहूकडून घेरलेल्या माणसाला ते वर्तुळ जीवदान देते. पण त्याला मोकळी जागा लागते. गडाच्या अरुंद जिन्यात, दिंडी दरवाजात किंवा आपल्याच माणसांच्या दाटीत पट्टा फिरवणारा आधी आपल्याच शेजाऱ्याला जायबंदी करील. शिवाय त्या हाताने दुसरे काहीही करता येत नाही. दोन्ही हातांत पट्टे चढवलेला नायक दोराला धरून कडा चढतो, लगेच लगाम खेचतो, आणि पुढच्याच परिच्छेदात जखमी सोबत्याला उचलून पाणी पाजतो, असे जेव्हा छापले जाते तेव्हा लेखकाने पट्टा एकदाही हातात घालून पाहिला नाही, हे उघड होते. कोल्हापुरात मर्दानी खेळांचे आखाडे आजही चालतात. तेथे पट्टा, भाला, विटा शिकवणारे वस्ताद आहेत आणि विचारायला येणाऱ्याला ते प्रेमाने दाखवतात. विट्याला बांधलेली दोरी मनगटाला गुंडाळून, फेकलेला विटा परत कसा खेचून घेतात, हे एकदा पाहिलेला लेखक तो प्रसंग वेगळ्याच तऱ्हेने लिहील, याबद्दल मला शंका नाही.

ढालीचा उल्लेख येथे केल्याशिवाय राहवत नाही. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर तानाजी मालुसरे आणि उदेभान यांची गाठ पडली, तेव्हा तानाजीची ढाल तुटली, दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही, मग त्याने डाव्या हाताचीच ढाल केली, असे सभासद लिहितो. आपल्याकडच्या कितीतरी ढाली गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याच्या असत. गोल, फुगीर, वर चार फुल्या, आणि आतून त्याच फुल्यांच्या कड्यांत अडकवलेले दोन बंद. ढाल ही खर्ची पडणारी वस्तू होती. वारामागून वार घेताना ती चिरते, बंद तुटतात, म्हणून दुसरी ढाल मिळण्याची अपेक्षाही असे. ‘दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही’ या बारीक तपशिलात त्या रात्रीची सगळी धांदल आहे. कादंबऱ्यांतील ढाली मात्र पोलादाच्या, कधीही न तुटणाऱ्या असतात आणि नायक अर्ध्या लढाईत त्या स्वतःच फेकून देतो.

आता बंदुकीकडे येतो, कारण येथील चुका कथेचा कणाच मोडतात. शिवकालातील बंदूक मुख्यतः तोड्याची. नळीत दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानावर म्हणजे नळीच्या छिद्राशी रंजक म्हणजे पेट देणारी बारीक दारू ठेवायची, सोऱ्यात मुरवलेल्या सुती दोरीचा म्हणजे तोड्याचा निखारा फुंकून जिवंत ठेवायचा, आणि मग चाप दाबून तो निखारा रंजकेवर आणायचा. सरावलेल्या माणसालाही एका बारानंतर दुसरा बार काढायला अर्धा-पाऊण मिनिट सहज लागे, आणि तेवढ्या अवधीत धावता माणूस शंभर पावलांहून अधिक अंतर तोडतो. कादंबऱ्यांतील बंदुका मात्र धडाधड चालतात, जणू भरण्याची गरजच नाही. हे एकदा ध्यानात घेतले की मावळ्यांचा भर अचानक जवळ जाऊन भिडण्यावर का होता, ते आपोआप उलगडते. पहिला बार झाल्यावर दुसऱ्याच्या आत तलवारीच्या टप्प्यात पोहोचणे हा हिशेब त्यामागे होता.

रात्र आणि पाऊस या दोन गोष्टी तर तोड्याच्या बंदुकीच्या शत्रूच होत्या. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शाएस्ताखानावर छापा घातला गेला. अशा छाप्यात पेटते तोडे घेऊन शिरणे म्हणजे काळोखात शेकडो लाल ठिपके आणि जळत्या सोऱ्याचा वास घेऊन शिरणे. छापा घालणारी माणसे तलवारीवरच विसंबणार, हे सांगायला फार मोठा सेनानी व्हावे लागत नाही. परंतु मी वाचलेल्या वर्णनांत अंतःपुराच्या भिंती फोडताना बंदुकांचे बार निघतात. पन्हाळगडाहून निसटणे आणि घोडखिंडीतील झुंज १२ व १३ जुलै १६६० ची, म्हणजे ऐन आषाढातली. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या त्या दिवसांतल्या धारा ज्यांनी अंगावर घेतल्या आहेत त्यांना रंजक कोरडी ठेवणे कसे असेल हे वेगळे सांगायला नको. रंजक भिजली की बंदूक म्हणजे नुसती काठी. बाजीप्रभू आणि बांदलांची माणसे खिंडीत काही तास शत्रूला थोपवू शकली यात त्यांच्या मनगटाचा आणि खिंडीच्या अरुंदपणाचा वाटा आहेच; पण बंदुका दगा देत असल्या पाहिजेत आणि म्हणून लढाई तलवार, भाला आणि दगडधोंड्यांवर आली असली पाहिजे, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे आणि कोणी तो पुराव्याने खोडला तर मी आनंदाने ऐकेन. परंतु ज्या लेखकाने खिंडीत मुसळधार पाऊसही पाडला आणि त्याच पावसात दोन्ही बाजूंनी गोळ्यांचा वर्षावही केला, त्याने या प्रश्नाचा विचारच केलेला नाही.

दारू कोरडी ठेवण्याची चिंता त्या काळातील राज्यकर्त्यांना किती होती, हे आज्ञापत्रावरून कळते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी गडावरील दारूखान्याची सविस्तर व्यवस्था लिहून ठेवली आहे. दारूखाना घराजवळ नसावा, घरांच्या वाऱ्याखाली नसावा. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे. तळघर करून त्यात माच घालावा आणि त्यावर दारूची मडकी ठेवावी. सर्दी लागू देऊ नये. आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, दारूचे बाण आदी बाहेर काढून उन्हे द्यावी आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे. एका आडवाटेच्या गडावर दर पंधरवड्याला उन्हात पसरलेली दारू, भोवती आगीची ठिणगी येऊ नये म्हणून उभा असलेला पहारा, आकाशाकडे डोळे लावून बसलेला हवालदार, हा प्रसंग मी अद्याप एकाही कादंबरीत वाचलेला नाही. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत येई आणि दसऱ्याला पुन्हा बाहेर पडे, यामागे चारा, नद्यांचे पूर आणि शेती यांबरोबर हीही एक अडचण होती.

तोफांविषयी थोडक्यात लिहितो. पडद्यावर तोफेचा गोळा जमिनीवर आदळताच फुटतो आणि दहा-वीस माणसे हवेत उडतात. त्या काळचे बहुतेक गोळे भरीव असत, लोखंडाचे किंवा दगडाचे. ते फुटत नसत, तर उसळ्या घेत रांगेतून आरपार जात किंवा तटावर आदळून चिरे खिळखिळे करीत. आत दारू भरलेले कुलपी गोळे उखळी तोफांतून टाकले जात, ही निराळी बाब. तोफ हलवणे हे तर स्वतंत्र युद्धच होते. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी पुरंदरला वेढा दिला, तेव्हा वज्रगडावर मारा करण्यासाठी अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर आणि हाहेली या तीन तोफा डोंगरावर चढवायला मोगलांना दिवसेंदिवस खपावे लागले. १४ एप्रिलला वज्रगड पडला तो या खटाटोपामुळे. त्याच वेढ्यात मुरारबाजी देशपांडे दिलेरखानाच्या सैन्यात घुसले, आणि त्यांना खुद्द खानाने तीर मारून ठार केले, असे सभासद सांगतो. तोफा आणि बंदुका असताना एवढा मोठा सेनापती धनुष्य बाळगतो, कारण तोड्याच्या बंदुकीचा एक बार निघेपर्यंत सराईत तिरंदाज कितीतरी तीर सोडतो. आपल्या लेखकांनी मात्र धनुष्यबाण एकतर पुराणकाळात ढकलून दिला आहे, नाहीतर सरसकट सगळ्यांच्या पाठीवर बांधला आहे.

चिलखताच्या बाबतीत कादंबरीपेक्षा मालिका आणि चित्रपट अधिक दोषी आहेत आणि आता कादंबऱ्यांची मुखपृष्ठे त्यांच्या मागे चालली आहेत. छातीवर चामड्याचे किंवा पत्र्याचे घडीव कवच, खांद्यावर धातूचे मोठे पंखे, मनगटांवर रुंद चामडी पट्टे, कमरेला लोंबणारी चामड्याची झालर, हा सगळा सरंजाम रोमन सैनिकांवरच्या पाश्चात्त्य चित्रपटांतून उचललेला आहे आणि दख्खनशी त्याचा काहीही संबंध नाही. आपल्याकडे होते ते कड्यांचे चिलखत. चांगल्या चिलखतात एकेक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवून तिची टोके बारीक खिळा ठोकून बंद केलेली असत. त्याखाली कापूस भरलेला जाड अंगरखा लागे, कारण कड्या धार अडवतात पण घावाचा मार अडवत नाहीत. त्याशिवाय छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणाऱ्या चार पत्र्यांचा चार आईना, हातांना दस्ताने, डोक्यास मानेवर जाळी सोडलेला टोप आणि मोगलांकडे घोड्यालाही पाखर, असा थाट श्रीमंत सरदारांचा असे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे कवच आणि ढाल आहे; ते समोर उभे राहून पाहिले की खरे चिलखत किती निराळे दिसते ते कळते. पूर्ण चिलखत आठ-दहा किलो किंवा त्याहूनही जड भरते. साधा मावळा ते घालत नसे, त्याला ते परवडतही नसे. डोक्याला मुंडासे, अंगात बंडी किंवा अंगरखा, पायांत चोळणा, कमरेला शेला, पाठीला ढाल, बहुतेकांचा पोशाख एवढाच. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार आपले आपण आणी. पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी म्हणजे पाणी वाहणारा आणि एक नालबंद असे, अशी नोंद सभासदाने केली आहे. ज्या राज्यात नाल मारणाऱ्या माणसाचीही नेमणूक ठरलेली होती, त्या राज्याच्या सैनिकांना कल्पनेतला पत्रा चढवून उभे करणे हा त्या शिस्तीचा अवमान आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो.

आणखी एक मोठा दोष आहे तो काळाच्या सरमिसळीचा. दीडशे वर्षांचा मराठी इतिहास जणू एकाच शस्त्रागारातून लढला गेला, अशा थाटात लिहिले जाते. १६६० चा मावळा, १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर उभा असलेला इब्राहिमखान गारदी याचा कवायती शिपाई आणि २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रणावर इंग्रजांशी लढलेला शिंद्यांचा पायदळ सैनिक, यांच्या हातांतली शस्त्रे वेगवेगळी होती. गारद्यांकडे चकमकीच्या बंदुका होत्या. ते ओळीत उभे राहून एकत्र बार काढीत. समोर अब्दालीकडे उंटांवर बसवलेल्या जंबुरका म्हणजे हलक्या तोफा होत्या, ज्या उंट नेईल तेथे नेता येत, तर मराठ्यांच्या भारी तोफा एकदा मांडल्या की जागच्या हलत नसत. पानिपताच्या दुपारी काय झाले हे समजून घ्यायला हा फरक ठाऊक असावा लागतो. पुढे महादजी शिंद्यांनी द बोईन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या आणि आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या गेल्या. असईला नव्वदहून अधिक तोफा इंग्रज सेनापती वेल्स्लीच्या हाती लागल्या आणि त्या मिळवताना त्याचे सैन्य किती कापले गेले हे इंग्रजांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या काळावरची कादंबरी पट्टा आणि भाल्यावर उभी करणारा लेखक मराठ्यांनी दोन पिढ्यांत आत्मसात केलेली नवी विद्या वाचकापासून दडवतो. मराठे मागासलेल्या शस्त्रांनी लढले म्हणून हरले, ही सोपी आणि खोटी समजूत अशा लिखाणातूनच पसरते.

कादंबरी म्हणजे इतिहासाचा ग्रंथ नव्हे, लेखकाला स्वातंत्र्य हवे, हा युक्तिवाद मला मान्य आहे. संवाद, मनातील घालमेल, कागदपत्रांत न आलेली माणसे हे सारे लेखकाने रचावे, त्याशिवाय कादंबरी होणार नाही. परंतु पाऊस पडत असताना नदीचे पाणी उलट वाहिले असे कोणी स्वातंत्र्याच्या नावाखाली लिहीत नाही. दारू भिजली की पेटत नाही, ही गोष्टही तशीच आहे. चुका दाखवल्याने लोकांच्या श्रद्धेला धक्का बसतो, असेही काही जण म्हणतात. त्यांना मी वाघनखांचे उदाहरण देईन. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली आणि लोकांनी ती पाहायला गर्दी केली. सातारचा रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफच्या घराण्याकडून ती त्या संग्रहालयास मिळाली. हीच ती वाघनखे, असे सिद्ध करणारा पुरावा नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतः स्पष्ट केले आहे, आणि त्यांच्या पेटीवरील जुन्या मजकुरात तर अफझलखानाला मोगल सेनापती म्हटले आहे, जेव्हा तो आदिलशाहीचा सरदार होता. हे सारे माहीत असूनही ती वाघनखे पाहताना माझा आदर तिळभरही कमी झाला नाही. त्या जातीचे शस्त्र किती लहान असते, ते बोटांत कसे बसते आणि ते घेऊन इतक्या धिप्पाड माणसाच्या मिठीत शिरायला काळीज किती मोठे लागले असेल, हे तेव्हा मला अधिक नीट कळले.

आपल्या दैनिकाकडे माझ्या काही विनंत्या आहेत. ऐतिहासिक कादंबरीचे परीक्षण करून घेताना परीक्षणकर्त्याला शस्त्रे, चिलखते आणि युद्धपद्धती यांविषयी एक परिच्छेद आवर्जून लिहायला सांगावे आणि गरज पडल्यास जाणकाराचे मत घ्यावे. ज्या लेखकाने हे काम मनापासून केले आहे त्याचे ठळक कौतुकही व्हावे. असे लेखक आहेत आणि त्यांची मेहनत आज कोणाच्या नजरेत भरत नाही. प्रकाशकांनी कादंबरीच्या शेवटी दोन पानांचे टिपण जोडावे आणि कोणते शस्त्र पुराव्याने घेतले, कोणते कल्पनेने घातले, हे लेखकाकडून लिहून घ्यावे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, सातारा, कोल्हापूर आणि नागपूर येथील संग्रहालये यांतील शस्त्रांची मराठी सूची, प्रत्येकाची लांबी, वजन, काळ आणि छायाचित्र यांसह राज्य शासनाने सर्वांना सहज मिळेल अशी प्रसिद्ध करावी. गावोगावचे लेखक, नाट्यकर्मी आणि चित्रकार यांना आज पुण्या-मुंबईला खेपा घातल्याखेरीज अस्सल शस्त्राचे मोजमाप मिळत नाही, आणि मग ते वेशभूषा भाड्याने देणाऱ्याकडची पत्र्याची तलवार पाहूनच लिहितात आणि चितारतात.

शेवटची विनंती छायाचित्रांविषयी. शिवजयंतीच्या अंकात वर्तमानपत्रे दरवर्षी तलवारींची छायाचित्रे छापतात आणि त्यांखाली बहुधा ‘शिवकालीन तलवार’ एवढेच शब्द असतात. येत्या अंकापासून आपल्या दैनिकाने तरी प्रत्येक छायाचित्राखाली ती तलवार कोणत्या संग्रहात आहे, कोणत्या काळची मानली जाते, तिची लांबी आणि वजन किती, या चार गोष्टी छापाव्यात. संग्रहालयांकडून ही माहिती मिळवण्याच्या कामी माझी काही मदत होणार असेल तर ती मी विनामोबदला करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, सातारा